एकशे सेहेचाळीस कड्या : प्रस्तावना

बोरीवली पूर्वेला मुंबई महानगरपालिकेचं एक केंद्र आहे. थॅलेसेमिया, लहान मुलांचे रक्ताचे इतर आजार आणि कर्करोग यांवर तिथे उपचार होतात, अस्थिमज्जा प्रत्यारोपणही होतं. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. मूल शाळेत जाऊ लागतं, दहावीला बसतं, कॉलेजात जातं. रक्ताची तारीख मात्र चुकवता येत नाही. चढवलेल्या रक्तातून आलेलं लोह हृदयात, यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत साचत जातं, म्हणून ते बाहेर काढण्याची औषधं वेगळी घ्यावी लागतात. आईवडिलांची रजा, रक्तदात्यांची शोधाशोध, तपासण्यांचे कागद हे सगळं त्या मुलाबरोबर वाढत राहतं.

या सगळ्याच्या मुळाशी जायला निघालं, की आपण एका अगदी लहानशा रासायनिक घटनेपाशी पोचतो. एका अमिनो आम्लाला दुसरं अमिनो आम्ल जोडलं जातं, ती घटना. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात. त्यांतली अल्फा साखळी १४१ अमिनो आम्लांची, बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची. बीटा थॅलेसेमियाच्या मुलांच्या शरीरात ही १४६ची साखळी तयारच होत नाही, किंवा फार थोडी होते. बाकीचं सगळं शरीर धडधाकट असतं. हजारो प्रकारची इतर प्रथिनं बिनबोभाट तयार होत असतात. एक साखळी जुळत नाही आणि आयुष्याचा क्रम बदलतो.

प्रस्तुत पुस्तक या जोडणीबद्दल आहे. मराठीत प्रथिनांवर बरंच लिहिलं जातं, पण ते बहुतेक खाण्यापिण्याच्या अंगाने. डाळीत किती, अंड्यात किती, व्यायाम करणाऱ्याने किती घ्यावं, हे आता घरोघरी माहीत असतं. ते प्रथिन म्हणजे काय, ते शरीरात कसं बनतं आणि त्याचा क्रम कोण ठरवतं, इथवर आपलं लेखन क्वचितच जातं. शाळेच्या पुस्तकात एक आकृती येते, परीक्षेपुरती पाठ होते आणि विसरली जाते. मला हे मनापासून खटकतं, कारण हा विषय रक्ताच्या तपासणीत आहे, लग्नाच्या निर्णयात आहे, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आहे. तो समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, थोडा धीर लागतो.

अमिनो आम्लापासून सुरुवात करू. मध्ये एक कार्बनचा अणू. त्याला एका बाजूने नायट्रोजन असलेला अमिनो गट, दुसऱ्या बाजूने कार्बोक्सिल हा आम्लगट, तिसरा एक हायड्रोजन, आणि चौथ्या जागी एक उपशाखा. पहिल्या तीन गोष्टी सगळीकडे सारख्याच. प्रोलिन हे एक जरा वेगळं आहे, त्याची उपशाखा वळून स्वतःच्याच नायट्रोजनला येऊन मिळते. फरक पडतो तो उपशाखेमुळे. ग्लायसिनमध्ये ती म्हणजे नुसता एक हायड्रोजन, ट्रिप्टोफॅनमध्ये दोन जोडलेली वलयं. काही उपशाखांवर विद्युतभार असतो, काहींना पाणी आवडतं, काही तेलासारख्या पाण्यापासून दूर पळतात. आपल्या जनुकांच्या सांकेतिक भाषेत प्रथिनांसाठी अशी २० अमिनो आम्लं ठरलेली आहेत.

दोन अमिनो आम्लं जोडली जातात तेव्हा एकाचा आम्लगट दुसऱ्याच्या अमिनो गटाला मिळतो आणि हिशेबात पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यात जो दुवा तयार होतो तो पेप्टाइड बंध. जोडीच्या एका टोकाला अजूनही मोकळा अमिनो गट असतो, दुसऱ्या टोकाला मोकळा आम्लगट. म्हणजे तिसरं अमिनो आम्ल जोडता येतं, मग चौथं, मग शंभरावं. बंध दर वेळी तोच. प्रथिन पाच कड्यांचं असो की हजारांचं, कणा सारखाच असतो.

ही कल्पना सप्टेंबर १९०२मध्ये कार्ल्सबाड इथल्या जर्मन शास्त्रज्ञांच्या अधिवेशनात मांडली गेली, आणि ती एकाच वेळी दोघांनी मांडली. एक एमिल फिशर, दुसरे फ्रान्झ हॉफमाइस्टर. फिशर तिथेच थांबले नाहीत. प्रयोगशाळेत एकेक अमिनो आम्ल जोडत त्यांनी १९०७मध्ये १८ अमिनो आम्लांची साखळी तयार केली. त्यांत १५ ग्लायसिन आणि ३ ल्यूसिन होती. त्या काळी यासाठी किती कष्ट पडले असतील याचा अंदाज आज यंत्राने पेप्टाइड बनवणाऱ्यांना येणं कठीण आहे. आपल्या अस्थिमज्जेतली एक कोवळी पेशी मात्र १४६ कड्यांची साखळी साधारण मिनिटभरात उरकते, आणि एकाच वेळी अशा असंख्य साखळ्या विणत असते.

पेप्टाइड बंधाचा एक गुण पुढे फार महत्त्वाचा ठरला. तो एकेरी बंधासारखा सैल फिरत नाही. त्याच्यात दुहेरी बंधाचा अंश असतो, त्यामुळे त्याच्या आसपासचे अणू एका सपाट प्रतलात धरले जातात. लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी हे नीट ओळखलं आणि १९५१मध्ये पॉलिंग, कोरी व ब्रॅन्सन यांनी अल्फा हेलिक्स हा प्रथिनांचा सर्पिलाकार मांडला. बंध स्वतः फिरत नसेल, तर साखळी वळते कुठे? प्रत्येक कडीच्या मधल्या कार्बनच्या दोन्ही बाजूंना. तिथल्या दोन कोनांची कुठली जोडी शक्य आहे आणि कुठली घेतली तर अणू एकमेकांवर आदळतात, याचा नकाशा मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३मध्ये काढला. आज जगात कुठेही नव्या प्रथिनाची रचना ठरवली की ती या रामचंद्रन आलेखावर तपासली जाते. भारतात झालेलं इतकं मूलभूत आणि इतकं रोजच्या वापरातलं काम दुसरं दाखवणं सोपं नाही. ते आपल्या मुलांना नावानिशी माहीत असायला हवं.

आता ही अमिनो आम्लं येतात कुठून? काही शरीर स्वतः बनवतं. नऊ मात्र अन्नातूनच मिळवावी लागतात. आपण डाळ खातो, मासे खातो, दूध पितो, तेव्हा ती प्रथिनं जशीच्या तशी अंगी लागत नाहीत. जठरातलं पेप्सिन, आतड्यातलं ट्रिप्सिन आणि त्यांच्या सोबतची इतर विकरं पेप्टाइड बंध एकेक करून तोडतात. प्रत्येक बंधामागे पाण्याचा एक रेणू खर्च होतो. जोडताना बाहेर पडलेलं पाणी तोडताना परत आत जातं. नुसत्या पाण्यात, विकराशिवाय, हा बंध शेकडो वर्षं टिकू शकतो. आपलं पोट तेच काम काही तासांत करतं. सुटी झालेली अमिनो आम्लं रक्तात जातात आणि प्रत्येक पेशी त्यांतून आपल्याला हवं ते प्रथिन नव्याने जोडते. कोलॅजनची पावडर खाल्ली म्हणून ते कोलॅजन जाऊन त्वचेत बसत नाही, ते याच कारणाने.

इथे कमला सोहोनी यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माहेरच्या त्या भागवत, दुर्गाबाई भागवत यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या आणि १९३३मध्ये प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर काम करून १९३९मध्ये त्यांनी डॉक्टरेट घेतली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र विभाग उभा करताना त्यांनी विषय निवडले ते इथल्या माणसांच्या ताटातले. नीरा, कडधान्यं, दूध. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. वालासारख्या आणि डबल बीसारख्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं असतात, त्यांचा अभ्यास त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पन्नासच्या दशकात केला. म्हणजे बंध तोडणाऱ्या विकरालाच बांधून ठेवणारं प्रथिन दाण्यात बसलेलं असतं, आणि कच्चा दाणा खाल्ला तर त्यातली प्रथिनं पुरती पचत नाहीत. उष्णतेने हे अडवणारं प्रथिन बहुतांशी निकामी होतं. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, शिजवून डाळिंब्या करण्याची आपली रीत पचनाच्या दृष्टीनेही चोख आहे. तसंच वरणभाताचं. तांदळात, गव्हात लायसिन कमी. डाळींत ते भरपूर, पण मेथिओनिन कमी. दोन्ही एका दिवसात पोटात गेली की पेशींना जोडणीसाठी पुरेसं सामान मिळतं. कमलाबाईंच्या पिढीने पोषणाचा प्रश्न अमिनो आम्लांपर्यंत नेऊन भिडवला, हे त्यांचं मोठं काम.

सामान मिळालं. आता क्रम. वीस अमिनो आम्लांतून १४६ कड्यांची साखळी किती तऱ्हांनी बनू शकेल याची गणती केली तर वीस हा आकडा १४६ वेळा मांडून सगळ्यांचा गुणाकार करावा लागेल. शरीराला त्यातली एकच हवी असते. एके काळी जाणत्या शास्त्रज्ञांनाही वाटत होतं, की प्रथिनात असा पक्का क्रम नसेलच, सरासरीने काहीतरी मिश्रण असेल. फ्रेडरिक सँगर यांनी केंब्रिजमध्ये जवळपास दहा वर्षं खर्चून इन्शुलिनची ५१ अमिनो आम्लं एकापुढे एक लावून दाखवली आणि हा प्रश्न मिटवला. एका साखळीत २१, दुसरीत ३०, आणि दर रेणूत तोच क्रम. १९५८चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं.

क्रम जनुकात लिहिलेला असतो. जनुकाची प्रत संदेशवाहक आरएनएच्या रूपाने निघते आणि रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो. चार अक्षरांची ६४ त्रिकं होतात. त्यांतली ६१ अमिनो आम्लांची, तीन थांबण्याची. १९६१मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी पहिलं त्रिक उलगडलं, आणि पुढच्या काही वर्षांत उरलेली लिपी वाचण्यात हरगोविंद खुराना यांचा वाटा मोठा होता. प्रत्येक अमिनो आम्ल आधी एका विशेष विकराकडून आपल्या वाहक आरएनएवर बसवलं जातं. खरी निवड इथेच होते. विकराने चुकीचं अमिनो आम्ल बसवलं तर रायबोसोमला ते कळत नाही. ऊर्जा खर्च होते ती अमिनो आम्ल बसवताना आणि पुढे रायबोसोम एकेक त्रिक सरकताना. मग जोडणी. विद्यार्थ्यांना शिकवताना मी इथे नेहमी थांबते, कारण चित्र डोळ्यांसमोर उलटं उभं राहतं. नवं अमिनो आम्ल येऊन साखळीच्या शेपटीला चिकटतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आतापर्यंत झालेली सगळी साखळी आपला जुना वाहक सोडते आणि नव्या अमिनो आम्लावर जाऊन बसते. दर कडीला पूर्ण साखळी जागा बदलते. चूक होण्याचं प्रमाण साधारण दहा हजारांत एक, इतकं कमी.

२०००मध्ये रायबोसोमची अणूंच्या पातळीवरची रचना समोर आली. त्या कामासाठी २००९चं नोबेल वेंकटरमण रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना मिळालं. पेप्टाइड बंध जिथे घडतो त्या जागी प्रथिन नाही, आरएनए आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचं काळीज प्रथिनाचं नाही. जीवसृष्टीच्या अगदी आरंभी आरएनए हेच माहिती आणि काम दोन्ही सांभाळत असावं, या विचाराला याहून मोठा आधार क्वचितच मिळाला असेल. या पुस्तकातलं रायबोसोमचं प्रकरण सावकाश वाचावं. तिथे घाई करण्यासारखं काही नाही.

आता बोरीवलीकडे परत. बीटा ग्लोबिनची साखळी मेथिओनिनने सुरू होते, आणि ते पहिलं मेथिओनिन नंतर कापून टाकलं जातं. उरतात त्या १४६ कड्या. पंधराव्या जागी ट्रिप्टोफॅन हवं, त्याचं त्रिक यूजीजी. भारतात आढळणाऱ्या एका बदलात यातलं मधलं अक्षर बदलतं आणि यूएजी होतं. यूएजी म्हणजे थांबा. रायबोसोम इमानाने थांबतो. चौदा कड्या जोडून झालेल्या असतात, पुढच्या एकशे बत्तीस कधीच जोडल्या जात नाहीत. दुसऱ्या एका बदलात आठव्या आणि नवव्या त्रिकाच्या दरम्यान एक अक्षर जादा येतं. अक्षर एकच, पण त्यापुढची सगळी त्रिकं सरकतात. ‘सरळ सडक पकड सदन जवळ’ हे तीन-तीन अक्षरांचं वाक्य घ्या आणि पहिल्या शब्दानंतर एक ‘स’ जादा घाला. ‘सरळ ससड कपक डसद नजव’ असं काहीतरी होतं आणि अर्थ पुढे जातच नाही. आपल्या देशात सर्वांत जास्त आढळणारा बदल तर अमिनो आम्लांच्या मजकुरातही नसतो. जनुकात मधूनमधून असे तुकडे असतात, जे प्रत तयार होताना कापून काढायचे असतात. त्यांतल्या पहिल्या तुकड्याच्या पाचव्या जागी जी ऐवजी सी येतं. मग कापणी चुकीच्या जागी होते आणि बरोबर प्रत अगदी थोडी निघते. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत या बदलांवर अनेक वर्षं काम झालेलं आहे.

बीटा साखळी कमी पडली की हिमोग्लोबिन कमी पडतं, हे सरळ आहे. पण आजाराचा मोठा भाग वेगळाच आहे. अल्फा साखळ्या ठरल्याप्रमाणे बनत राहतात आणि त्यांना जोडीदार मिळत नाहीत. त्या कोवळ्या रक्तपेशीतच गोळा होऊन साकळतात आणि पेशी अस्थिमज्जेतून बाहेर पडण्याआधीच मरते. शरीर आणखी पेशी बनवू पाहतं, मज्जा फुगते, चेहऱ्याची हाडं रुंदावतात, प्लीहा वाढते. जन्मतः यातलं काहीच दिसत नाही, कारण बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं आणि त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते. पहिल्या सहा महिन्यांत गॅमाची जागा बीटाने घ्यायची असते. ती घेतली जात नाही आणि हसतंखेळतं बाळ फिकट पडू लागतं.

विदर्भात आणि नंदुरबारकडे याच साखळीचा दुसरा आजार आहे, सिकलसेल. तिथे साखळी पूर्ण १४६ कड्यांची होते, वेळेवर होते, फक्त सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९मध्ये त्याला रेणूचा आजार म्हटलं आणि व्हर्नन इंग्रॅम यांनी काही वर्षांनी नेमकी कडी दाखवून दिली. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, व्हॅलिन पाण्यापासून पळणारं. प्राणवायू कमी झाला की हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत शिरतं, रेणूंचे लांबलचक दोरे तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हाडांतल्या त्या वेदना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ला सुरू झालं. गडचिरोलीतल्या आश्रमशाळेतल्या मुलीला आणि बोरीवलीच्या केंद्रात रक्त घेणाऱ्या मुलाला हे पुस्तक एकाच पानावर आणतं, आणि त्याचं मोल मला सर्वांत अधिक वाटतं.

पुस्तक वाचून मिटण्याआधी वाचकाने एक करावं. थॅलेसेमिया मायनर म्हणजे वाहक असलेला माणूस आजारी नसतो. बीटाच्या दोन जनुकांतलं एक चांगलं असतं, साखळी पुरेशी बनते. रक्त किंचित कमी भरतं, लाल पेशी आकाराने लहान दिसतात आणि कित्येकदा ही लोहाची कमतरता समजून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता चारांत एक असते. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत वाहकांचं प्रमाण अधिक आहे, पण मराठी कुटुंबं त्यातून सुटलेली नाहीत. आपल्या घरातल्या लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची एचपीएलसी पद्धतीने हिमोग्लोबिन ए-२ची तपासणी करून घ्या. लग्न झालं असेल तर बाळाचा विचार करण्याआधी करा, आणि दिवस गेलेले असतील तर पहिल्या काही आठवड्यांतच करा, कारण दोघेही वाहक निघाले तर दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते. तपासणीला थोडंसं रक्त लागतं आणि बहुतेकांना ती आयुष्यात एकदाच करावी लागते.